कोरडं इंजिन

परदेशी गेल्यापासून धाकट्याने बहिणीकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. फोन करायचा तोही ताईनेच. तब्येत विचारली की "बरी", मुलं विचारली की "बरी", काम विचारलं की "चाललंय". मग दोघांनी थोडा वेळ फोनमधली खरखर ऐकायची आणि ठेवून द्यायचं. म्हणून एके दिवशी भर दुपारी त्याचाच फोन आला आणि तो म्हणाला, "ताई, एक इंजिन हवंय," तेव्हा ताईने आधी विचारलं, "कोण बोलतंय?"

"तुझा भाऊ. एकच आहे ना, की आणखी आणलायस?"

"बरं, बोल. कसलं इंजिन?"

इंजिन त्याच्या व्हॅनचं. ही व्हॅन तो तिकडे शाळेच्या मुलांची ने-आण करायला चालवत होता. जुनं मॉडेल, कंपनीने बनवायचं कधीच बंद केलेलं. पण ताईच्या आणि धाकट्याच्या वडिलांनी आयुष्यभर याच व्हॅनची इंजिनं उघडून, घासून, पुन्हा बांधून दिली होती. दोन्ही मुलं त्याच शेडमध्ये नटबोल्टांशी खेळत वाढली. तेव्हा परक्या देशात तीच व्हॅन स्वस्तात मिळाली म्हटल्यावर धाकट्याने डोळे झाकून घेतली. आता तिच्या इंजिनाचा ब्लॉक तडकला होता. तिकडे इंजिन दुरुस्त करत नाहीत, बदलतात; आणि बदलायला ते कुठे मिळेना.

"शाळांना सुट्टी लागलीये," धाकटा म्हणाला. "शाळा उघडेपर्यंत गाडी चालू झाली नाही तर माझी फेरी दुसऱ्याला देतील. टपूनच बसलेत. तुझ्याकडे ब्लॉक असेल ना?"

"ब्लॉक आहे. बांधून देते. अरे, त्यात काय एवढं!"

"पाठवायचं कसं ते बघावं लागेल. महाग असतं म्हणे. आणि ताई—"

"अरे, बघते मी. तू ठेव."

ठेव म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर ती बाकड्याला टेकून उभीच राहिली. चेहऱ्यावर हसू मावेना. भावाने मागितलं होतं. हे काही साधं नव्हतं. धाकटा घरातून निघाला तो भांडून नव्हे. भांडला असता तर बरं, भांडण मिटतं तरी. त्या शेडमध्ये त्याने कधी काही सुचवलं, म्हणजे नव्या गाड्यांची कामं घेऊ या, हे असं नको तसं करू या, तर वडील आणि ताई एकमेकांकडे बघून हसायचे. उत्तरसुद्धा द्यायचे नाहीत. नुसते हसायचे. माणूस शिव्या पचवतो, हसणं पचवत नाही. वडील गेले, हा विमानात बसला, आणि शेड एकट्या ताईची झाली.

ती मात्र हाताची पक्की. लग्न केलं नाही, हे लोक हळहळून बोलत. ताईला त्याचं काही नव्हतं. लांबट दुकान, मागे शेड, छताला साखळीची कप्पी, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने, वर राहायची एक खोली. तेवढ्यात तिचं जग होतं आणि त्यात तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. गिऱ्हाईक दारात उभं राहून बोलायचं. आत पाऊल टाकलं तर, "तिथूनच सांगा, ऐकू येतं मला."

इंजिन तिने जीव ओतून बांधलं. एरवी ती कामात चोख होतीच, या वेळी वेडी झाली. सिलिंडर घासून आरशासारखे केले, क्रँक स्वतः नेऊन तोलून आणला, एकेक बोल्ट निवडून घेतला. बांधून झाल्यावर हाताने फिरवून पाहिलं, तर लोण्यासारखं फिरलं. अवघड काम संपलं, असं तिला वाटलं. इथेच पहिली फसगत.

पोस्टात ती गेली तर खिडकीतला माणूस वजन ऐकूनच हसला. "बाई, आम्ही पार्सल नेतो, गाड्या नाही." कुरिअरला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी.

"मॅडम, वजन सांगाल?"

"माझ्या अडीचपट."

"मॅडम, तुमचं वजन?"

"ते तुला कशाला? इंजिन जायचंय, मी नाही."

पण भाडं ऐकल्यावर ताईला वाटलं, याच्यापेक्षा मीच तिकीट काढून इंजिन मांडीवर घेऊन बसते, तेवढीच भावाची भेटही होईल.

मग बंदराजवळच्या बड्या जहाज एजंटाचं ऑफिस झालं. काचेची दारं, आत हुडहुडी भरेल इतका गारवा. टायवाल्या तरुणाने समजावून सांगितलं, की भाडं वजनावर लागतं किंवा जागेवर, दोन्हींत जे जास्त असेल त्यावर. शिवाय इकडची हमाली, तिकडची हमाली, कागदांचे वेगळे, उतरवण्याचे वेगळे, तिकडच्या गोदामात पडून राहिलं तर रोजचे वेगळे. "तुम्ही अख्खा कंटेनर का नाही घेत? स्वस्त पडतो."

"अख्ख्या कंटेनरमध्ये एक इंजिन?"

"बाकीची जागा मोकळी राहील."

"हो ना. उन्हाळ्यात इंजिनाला हवा लागेल." ताई उठली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं ती जिना उतरताना मोठ्याने म्हणाली. दरवानाने मान डोलावली. तो असलं रोजच ऐकत असावा.

शेजारच्या छापखानेवाल्याने सुचवलं, की सगळं खोला आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बॅगांत एकेक तुकडा द्या. ताईने तेही करून पाहिलं. ओळखीतलं एक जोडपं मुलाकडे निघालं होतं. त्यांच्याकडे ती सिलिंडर हेड फडक्यात गुंडाळून घेऊन गेली. बाईंनी कौतुकाने हात पुढे केला आणि वजन हातात येताच किंचाळल्या, "अगो, हे काय? तुझ्या भावाला आम्ही साडी-बिडी नेऊ म्हणत होतो!"

"भाऊ साडी नेसत नाही," ताई म्हणाली आणि हेड परत घेऊन आली.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं चाललं होतं. तिकडे सुट्टीचे दिवस सरत होते. धाकटा आता स्वतःहून फोन करायचा. "काही जमलं?" विचारायचा. नाही म्हटलं तर, "बघ, बघ, घाई नाही," म्हणायचा, आणि त्या "घाई नाही"मधली घाई ताईला झोपू द्यायची नाही. तरी एक गोष्ट होती, नाकारून चालणार नाही. दोघं बोलत होती. भाडी, वजनं, पेट्या यांचंच, पण बोलत होती. एकदा तर तो टायवाल्याची गोष्ट ऐकून खळखळून हसला. एरवी त्या शेडमध्ये तो कधी असा हसला असेल, ताईला आठवेना.

शेवटी घरसामानवाला सापडला. देश सोडून जाणाऱ्या कुटुंबांचं सामान, म्हणजे पलंग, गाद्या, कपाटं, भांडी, एका कंटेनरमध्ये भरून नेण्याचा त्याचा धंदा. तोंडाने फटकळ, व्यवहाराने सरळ. कोपऱ्यात इंजिनापुरती जागा आहे म्हणाला, आणि भाडं सांगितलं ते ऐकून ताईने दोनदा विचारलं.

"एकदाच सांगतो, ताई. आणि माझी अटही एकच. इंजिन कोरडं पाहिजे. कोरडं म्हणजे हाडासारखं. तेल म्हटलं की बंदरावर धोक्याचा माल ठरतो. माझ्या कंटेनरात लोकांच्या गाद्या असतात. खालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट काढून ठेवायचा, भोक उघडं ठेवायचं. तपासणारा बोट घालून बघेल."

"मला इंजिन शिकवता का?"

"इंजिन नाही हो. बंदर शिकवतोय."

त्या संध्याकाळी तिने धाकट्याला सगळं सांगितलं. तो इतका खूश झाला की पलीकडे बायकोला हाक मारल्याचं ऐकू आलं. मग त्याचा आवाज बदलला. जरा अडखळत म्हणाला, "ताई, ऐक. त्याने सांगितलंय ना, तसंच कर. एक थेंब नको. मला माहीत आहे बाबा काय म्हणायचे. पण इथे कोरडं म्हणजे कोरडं. गंज आला तर मी घासून घेईन. मला गंजलेलं चालेल, अडकलेलं नाही चालणार."

"हो रे. कळतं मला."

"कबूल?"

"कबूल, कबूल. वकील आहेस का?"

पेटीला जहाजाला चालणारं, भट्टीत तापवलेलं शिक्क्याचं लाकूड लागतं, तेही कळलं. सुताराने आधी केलेली सुंदर पेटी बाद झाली आणि त्याने शिव्या देत दुसरी केली. घरसामानवाला स्वतः येऊन इंजिन बघून गेला. उघड्या भोकात पांढऱ्या फडक्याचा बोळा घातला, फिरवला, बाहेर काढला. बोळा पांढराच. "शाबास," म्हणाला. "आता झाकण ठोका. दुपारनंतर टेम्पो पाठवतो."

इंजिन पेटीत बसलं. सुतार झाकण ठोकण्याआधी जेवायला गेला. शेडमध्ये ताई आणि ते इंजिन, दोघंच उरली.

आता यापुढचं नीट सांगायला हवं, कारण पुढे गल्लीतल्या लोकांनी तिला विसरभोळी ठरवलं, आणि ती विसरभोळी मुळीच नव्हती. वडिलांचा नियम होता: बांधलेलं इंजिन कोरडं ठेवायचं नाही. ताज्या घासलेल्या सिलिंडरला दमट हवा लागली की त्यावर तांबूस बुरशीसारखा डाग चढतो, आणि मग तो आरसा गेला तो गेला. वडील आजारपणात अंथरुणावरून विचारायचे, "अमक्याच्या इंजिनात तेल घातलंस का गं?" आणि हे इंजिन तर समुद्रावर जायचं होतं, आठवडेच्या आठवडे खाऱ्या हवेत. ताई पेटीपाशी उभी राहिली. आतल्या चकचकीत भिंती तिच्या डोळ्यांसमोर होत्या. भाऊ म्हणतो घासून घेईन. कशाने घासणार? कोणत्या हातांनी? त्याला कधी जमलं होतं का ते? पोराला नुसती घाई. आणि घरसामानवाल्याला गाद्यांतलं कळतं.

तिने प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं. नुसतं भिंती ओल्या होण्यापुरतं. क्रँक हाताने फिरवला. मग वाटलं, इतक्या लांबच्या प्रवासाला हे पुरायचं नाही, म्हणून आणखी थोडं. खालचं भोक उघडं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण पिस्टनच्या नव्या रिंगांमधून एवढं तेल खाली येत नसतं, असा तिचा हिशोब. शेडमध्ये तो हिशोब बरोबरही होता. प्लग बसवले, हात पुसले. सुतार आला तेव्हा ती म्हणाली, "ठोक आता." वर्षानुवर्षांच्या कामानंतर हात जसा शांत होतो, तसा तिचा हात शांत होता.

पेटी गेली. धाकटा रोज फोन करू लागला. "आज कुठे असेल जहाज?" हा त्याचा प्रश्न. मुलं मागून ओरडायची, "आत्या, इंजिन कुठे पोचलं?" भावजय फोन घेऊन म्हणाली, "वन्सं, यांनी गाडी धुऊन पुसून ठेवलीये. इंजिन नाही आणि गाडी नवरीसारखी!" ताई हसली. ते दिवस तिच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. मोजकेच निघाले.

वाटेत एका बंदरावर माल एका कंटेनरमधून दुसऱ्यात जातो. तिथलं ऊन म्हणजे लोखंडी पेटीत भट्टी. तेल पाण्यासारखं पातळ झालं. कुठेतरी क्रेनने पेटी आडवी-तिडवी आपटली असेल. कंटेनर उघडला तेव्हा तळाच्या फळ्या काळ्या झालेल्या होत्या आणि शेजारच्या एका कुटुंबाच्या सगळ्या गाद्या आणि कोच तेल पिऊन बसले होते. पेटी बाहेर काढली. वर धोक्याच्या मालाची चिठ्ठी चिकटवली. तिला घ्यायला दुसरं जहाज तयार होईना.

हे सांगायला घरसामानवाला स्वतः आला. दारात उभा न राहता तडक शेडमध्ये शिरला, आणि ताईने त्याला अडवलं नाही.

"मी बोळा फिरवून बघितला होता," तो म्हणाला. "माझ्या हाताने. आता मला एवढंच सांगा, माझ्यामागे कोणी तेल घातलं का?"

ताईने हातातला पाना भिंतीवर जागच्या जागी टांगला.

"तोंडाने तरी सांगा."

"कोरडं पाठवलं असतं तर गंजलं असतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. आरडाओरडा करील असं तिला वाटलं होतं. केला असता तर तिने परतफेड केली असती. तो फक्त म्हणाला, "त्या बंदरावर माझं नाव गेलं, ताई. त्या गादीवाल्या माणसाला लहान पोर आहे, ते तिकडे जमिनीवर झोपतंय. आणि तुमचं इंजिन गंजलं नाही. अभिनंदन." आणि गेला.

भावाला सांगायचं होतं. ताईने मनात वाक्यं जुळवली. बंदरावरचे लोक आडदांड, क्रेनवाल्याने आपटलं, घरसामानवाल्याने जागा नीट दिली नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य थोडं थोडं खरं होतं. थोडी खरी वाक्यं सर्वांत वाईट. ती उच्चारायला सोपी पडतात.

"अरे, तिकडच्या बंदरावर जरा घोळ झालाय," ती म्हणाली. "हे क्रेनवाले—"

"तेल घातलंस ना?"

तिला वाटलं, घरसामानवाल्याने आधीच फोन केला असणार. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. कोणी कशाला सांगायला हवं?"

"अरे, थोडंसंच. भिंती ओल्या होण्यापुरतं. बाबा असते तर त्यांनीही—"

"बाबांनीही घातलंच असतं. माहीत आहे मला. म्हणूनच तर मी तिथून निघालो, ताई."

आवाज चढला नव्हता. शांत होता. रागावलेल्या माणसाला समजावता येतं, हा थकलेला होता. ती म्हणाली, "मी सोडवते. काहीही करून सोडवते." तो "बघ" म्हणाला. या वेळी त्या शब्दात घाई नव्हती.

मग तीच वणवण उलट्या दिशेने सुरू झाली. धोक्याची चिठ्ठी काढायला इंजिन तिथे उघडून, धुऊन, वाळवून, परत तपासून घ्यायला हवं. ते करणारं कोणी त्या बंदरावर नाही. परत इकडे आणायचं तर भाडं जातानाच्या दुप्पट, कारण आता माल धोक्याचा. पुढे न्यायला कोणी तयार नाही. काचेच्या ऑफिसातला टायवाला तरुण तिला ओळखून उठून उभा राहिला, पण त्याच्याकडेही मार्ग नव्हता. "तुम्ही तेव्हाच आमच्याकडे दिलं असतं तर," तो म्हणाला आणि तिचा चेहरा पाहून गप्प झाला. पेटी बंदराच्या आवारात रोज भाडं खात पडली होती. ताई फोनवर अनोळखी माणसांना विनवू लागली. तिचा आवाज विनवणीला सरावलेला नव्हता, त्यामुळे ती विनवणीसुद्धा दटावणीसारखी ऐकू यायची. लोक फोन ठेवून द्यायचे.

शाळा उघडल्या. धाकट्याची फेरी दुसऱ्याला गेली. हे भावजयीने सांगितलं. ताईने विचारलं, "आणि गाडी?"

"भंगारात दिली, वन्सं. रंग बरा होता म्हणून जरा जास्त दिले." मग घाईने म्हणाली, "ते बसच्या आगारात लागलेत. बस धुवायच्या असतात. पहाटे जातात."

"मला फोन करायला सांग त्याला."

"सांगते." ती हळूच म्हणाली, "पण वन्सं, तुम्ही पुन्हा पुन्हा नका लावू. ते रागावत नाहीत. नुसते बाहेर जाऊन उभे राहतात."

ताई मनाने कठोर होती असं म्हणतात, तसं नव्हे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे मात्र खरं. कित्येक दिवस ती शेडमध्ये स्वतःशी भांडत राहिली, की गंजलं असतं तर काय उपयोग होता, त्याला घासता आलं असतं का. एक दिवस गिऱ्हाइकासमोरच ती मोठ्याने म्हणाली, "आलं असतं." गिऱ्हाईक म्हणालं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही." ज्याने परक्या देशात मुलांना वेळेवर शाळेत पोचवलं, एक दिवस चुकवला नाही, त्याला चार सिलिंडर घासता आले असते. बापाच्या शेडमध्येच वाढला होता तो. हे तिला कळलं, आणि कळून काहीही झालं नाही. पेटी तिथेच होती.

शेवटी एकच रस्ता उरला. माल सोडून द्यायचा. हक्क सोडला की बंदरवाले इंजिन तोडून वितळवायला देतात आणि भाड्याचा मीटर थांबतो. पाठवणाऱ्याची सही लागते आणि घेणाऱ्याचीही. एजंटाच्या ऑफिसातल्या कारकुनाने कागद पुढे केला. ताईने सही केली. मनात तिने ठरवलं होतं, की सहीसाठी धाकट्याला कागद जाईल तेव्हा तो फोन करील. एवढं इंजिन, बहिणीने हाताने बांधलेलं, तोडायला द्यायचं. माणूस एकदा तरी बोलेल. शिव्या देईल. चालेल. तिने फोन जवळ ठेवला. दोन दिवस जिना चढता-उतरतानासुद्धा ती तो हातात घेऊन फिरली.

तिसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. कारकून खूश होता.

"तुमचं काम झालं. भावाची सही त्याच दिवशी आली, अगदी तासाभरात. लोक महिनोन्महिने लटकवतात हो. तुमचे भाऊ झटपट आहेत."

"सोबत काही निरोप आहे?" ताईने विचारलं.

कारकुनाने कागद उलटून पाहिला. "सहीबरोबर निरोप कशाला पाठवतील?"

"नाही, आपलं सहज विचारलं."

त्याने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाकडे हात केला. ताई तिथेच उभी होती. मागच्या माणसाने दोनदा खाकरून पाहिलं. "बाई," तो शेवटी म्हणाला, "तुमचं झालं असेल तर जरा बाजूला व्हा."

ती बाजूला झाली.